होबार्ट स्टॅम्परची सही

सॉल्टलिक खोरं, केंटकी
३ नोव्हेंबर २००८, सोमवार

डॉयल,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जे गेले ते अकरा वर्षांपूर्वीच गेले, आणि तेव्हा कळवूनही तू आला नाहीस. ते आज उकरून काढत नाही. मला तुझी फक्त एक सही हवी आहे.

सोबत एक छापील कागद आहे. होबार्ट स्टॅम्पर यांच्या नावाने आलेले चेक आपल्या आईने वटवले, ते तुला ठाऊक होतं आणि वारस म्हणून तुझी काही हरकत नाही, असं त्यावर लिहिलंय. माझी सही मी केली आहे. तुझी तिकडच्या नोटरीसमोर कर आणि कागद परत धाड. परतीच्या पाकिटावर तिकीट मीच लावलंय. स्टॅम्परांच्या घरून काही मागायला पत्र आलं, असं तुला वाटायला नको.

पैशांची अडचण नाही, हेही सांगून ठेवते. मी अजून शाळेची बस चालवते आणि आई अजून माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवते, म्हणजे आम्ही दोघी ठणठणीत आहोत. चेक आहे वीज संस्थेचा. सभासदांनी भरलेल्या बिलांतलं जे उरतं ते संस्था वीस-पंचवीस वर्षांनी ज्याचं त्याला परत करते, तुला आठवत असेल. बाबांची जुनी वर्षं अजून चुकती व्हायची आहेत. दर नोव्हेंबरात एक चेक येतो, त्यात आईची महिन्याची कॉफीसुद्धा सुटत नाही.

पण त्यावर नाव बाबांचं असतं आणि आईला ते तसंच हवं असतं. संस्थेच्या ऑफिसातल्या मुली दरवर्षी सांगतात, "ज्युएल मावशी, सभासदत्व तुमच्या नावावर करून घ्या ना, एकच फॉर्म आहे." आई म्हणते, "सभासद नंबर दोनशे बारा, होबार्ट स्टॅम्पर. या खोऱ्यातल्या खांबांचे खड्डे त्याने खणलेत. त्याचं नाव काढाल त्या दिवशी माझी वीजही तोडा." वार्षिक सभेला ती अजून त्यांच्याच नावाने जाते, फुकटची बादली आणि बल्ब घेऊन येते. गेल्या वर्षी दारावरच्या पोराने चेष्टेत विचारलं, "होबार्ट कसा आहे, मावशी?"

"निवांत आहे," आई म्हणाली. "तू तुझी यादी बघ."

इतकी वर्षं ती चेकच्या मागे बाबांचं नाव लिहायची आणि बँकेत इमोजीन तो निमूट घ्यायची. इमोजीन गेल्या वसंतात वारली. गावातली बँक एका मोठ्या बँकेने विकत घेतली. नव्या माणसाला आमच्या पद्धती कळत नाहीत. एवढंच झालंय.

बाकी काही विचारू नकोस. सही कर.

ग्लेना

ता. क. मी लिहितेय हे आईला माहीत नाही. फोन करू नकोस. तीस वर्षं केला नाहीस, तेव्हा तुला जड जाणार नाही.


सॉल्टलिक खोरं
२० नोव्हेंबर, गुरुवार

डॉयल,

कागद कोराच परत आला. बरोबर तुझ्या साडेतीन ओळी. टाकोम्याहून एवढ्या लांब यायचं तर निदान चार तरी पुऱ्या करायच्या होत्यास.

"खोट्या कागदावर मी सही करणार नाही. बाबांना सही येत होती, फक्त माझ्यासाठी करायची नव्हती. ज्या माणसाने माझ्या एकुलत्या एका पत्राला उत्तर दिलं नाही, त्याच्या चेकशी माझा संबंध नाही."

वाचून मी बस अर्धा तास उशिरा काढली. मुख्याध्यापकांनी विचारलं तर म्हटलं, टायरमध्ये हवा नव्हती. खरं तर डोकं माझं फिरलं होतं.

तर आता नीट ऐक. मागच्या पत्रात मी "एवढंच झालंय" म्हटलं, ते तेवढंच नाही.

ऑक्टोबरात संस्थेने यंदा चेक लवकर पाठवला. आई नेहमीप्रमाणे चांगला कोट घालून, केस बांधून माझ्याबरोबर बँकेत गेली. हो, त्या चेकसाठी ती कोट घालते. काउंटरवर इमोजीनच्या जागी एक मुलगी. तिने संगणकात बघितलं, आत गेली आणि साहेबाला घेऊन आली. कर्टिस व्हेलन त्याचं नाव, वय असेल तीस, लेक्सिंग्टनचा. उद्धट नाही हं, उलट इतका नम्र की आईला आधी वाटलं काहीतरी बक्षीस लागलंय.

त्याने तिला खुर्चीत बसवलं. "मिसेस स्टॅम्पर, हे खातेदार हयात नाहीत."

"ते मला माहीत आहे. मी तिथे होते."

"मग ही सही?"

"त्याची आहे."

"कधी केली?"

"आज सकाळी," आई म्हणाली. "कॉफी झाल्यावर."

मी शेजारी बसले होते, डॉयल. व्हेलनने पेन खाली ठेवलं आणि कपाटातून एकसष्ट सालचं नमुना सहीचं कार्ड काढून आणलं. चेक त्याच्याशेजारी धरला. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "तंतोतंत जुळते. वर्षानुवर्षं सराव केल्याशिवाय अशी नक्कल जमत नाही."

नक्कल! आई ताडकन उठली. "तू ज्याला नक्कल म्हणतोस ना, पोरा, ती या बँकेने सत्तेचाळीस वर्षं अस्सल म्हणून चालवली." आणि चेक तिथेच टाकून चालती झाली.

नंतर बँकेचं पत्र आलं. मेलेल्या माणसाची सही करणं हा गुन्हा आहे. होबार्ट स्टॅम्पर यांच्या सर्व वारसांनी, म्हणजे मी आणि तू, पंधरा डिसेंबरपर्यंत प्रतिज्ञापत्र दिलं तर प्रकरण शाखेतच मिटेल. नाहीतर कागद सरकारी वकिलाकडे जातील. एकोणऐंशी वर्षांची बाई, जिने उभ्या आयुष्यात शेजाऱ्याची सुई परत करायची ठेवली नाही, तिच्यावर खोट्या सहीचा खटला. गावात बातमी फुटली आहेच. रविवारी चर्चमध्ये दोन बायका आईला बघून बोलता बोलता थांबल्या. आई ताठ मानेने पुढच्या बाकावर जाऊन बसली. घरी आल्यावर मात्र जेवली नाही.

मी म्हटलं, "आई, डॉयलला सगळं सांगते. खरं कळलं तर तो करेल सही."

तिने माझं मनगट धरलं. तिच्या बोटांत अजून केवढा जोर आहे म्हणून सांगू. म्हणाली, "मला तुरुंगात टाकलं तरी चालेल. डॉयलला ते सांगायचं नाही. होबार्टने माझ्याकडे कधी काही मागितलं नाही, एवढं एक सोडून."

म्हणून मी सांगू शकत नाही. जे सांगू नये ते न सांगता तुला कसं पटवावं, हेही मला कळत नाही. तुला आठवतं का, बाबांचे हात कायम तेलकट असायचे? एवढं आठव आणि सही कर.

आईसाठी कर. ती तुझी आई आहे, तुझं कुणाशीही भांडण असलं तरी.

ग्लेना


सॉल्टलिक खोरं
२ डिसेंबर, मंगळवार

डॉयल,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आपल्या घरात तर सुंभही जळत नाही.

तेव्हा आज मी आईचा शब्द मोडते आहे. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ती न बोलणं फार पद्धतशीर करते. पण झाकली मूठ झाकलेली ठेवायची आणि म्हातारीला कोर्टात उभी करायची, हे माझ्याच्याने होणार नाही.

बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

घे. लिहिलं एकदाचं. तीस वर्षं तू ज्या माणसावर रागावून बसलास, त्याला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं.

मला बाराव्या वर्षी कळलं. मी त्यांना औषधाची बाटली दिली आणि विचारलं, किती चमचे? त्यांनी ती उजेडात धरली, हलवली आणि म्हणाले, "आईला विचार, माझे हात तेलकट आहेत." डॉयल, तेव्हा ते आंघोळ करून बसले होते. मी आईकडे बघितलं, आईने माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून हे जाणणाऱ्या आम्ही दोघी झालो.

लग्नानंतर लाकूड कापायच्या सॉ मिलवर पहिला पगार घ्यायला ते गेले, तेव्हा आई बरोबर होती. कारकुनाने वही पुढे केली. बाबांनी फुली मारली. कारकून हसला आणि मागच्याला म्हणाला, "आणखी एक फुलीवाला." आई तेव्हा अठरा वर्षांची. घरी येऊन तिने पिठाच्या पिशवीचा कागद फाडला आणि बसली लिहीत. होबार्ट स्टॅम्पर, होबार्ट स्टॅम्पर. बायकी वळण जाईपर्यंत लिहीत राहिली. मग त्यांना म्हणाली, "यातली कुठली तुझी?" बाबांनी बघितल्या आणि एकीवर बोट ठेवलं. ती त्यांची सही. ते जिवंत होते तेव्हाही तीच करायची आणि गेल्यावरही तीच करते. व्हेलनला जुळणार नाही तर काय होईल?

त्यांनी ते लपवलं कसं, याचा मला आता अभिमान वाटतो, खोटं कशाला बोलू. चर्चमध्ये एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे ती ओढून गातात, त्यामुळे पुस्तक लागतच नाही. तरी बाबा पुस्तक हातात धरायचे. शेजारी हर्शेल काका त्याच पुस्तकात डोकं घालून. पुढे बाबाच ओळी सांगायला लागले, शंभरावर गाणी तोंडपाठ. पुस्तक मिटलेलं असायचं. लोक म्हणायचे, काय ही भक्ती!

आता अठ्ठ्याहत्तरचा तो रविवार.

तू शिष्यवृत्तीचा फॉर्म घेऊन बाबांकडे गेलास. पालकाची सही हवी होती. आई मावशीकडे गेली होती, संध्याकाळी येणार होती. बाबा म्हणाले, "ठेव तिथे, बघतो." तू म्हणालास, "नाही, आत्ता. माझ्यासमोर." रविवार होता, त्यांचे हात स्वच्छ होते. मी खिडकीतून बघत होते. त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग खाली वाकून करवतीची साखळी उचलली, दोन्ही हातांनी चोळली, आणि तुला हात दाखवले. तू पेन त्यांच्या मुठीत खुपसलंस. कागदावर काळा अंगठा उमटला. तू ओरडलास, "मला इथेच गाडायचंय तुम्हाला, स्वतःसारखं!" आणि फॉर्म फाडून चुलीत घातलास.

आई दिवेलागणीला आली. सही करायला कागदच उरला नव्हता. तू उरला नव्हतास.

तुला वाटलं बापाला तुझं चांगलं झालेलं बघवत नाही. अरे, त्यांना फक्त तुझ्यासमोर फुली मारायची नव्हती. एकवेळ बाकी कुणासमोरही मारली असती. हा गर्व होता, मला मान्य आहे. पण तू कुणाचा मुलगा आहेस ते आरशात बघ आणि मग त्यांना नाव ठेव.

आणि आता तुझं पत्र. हे मलाही परवाच कळलं. तू लिहिलंस की त्यांनी एकुलत्या एका पत्राला उत्तर दिलं नाही, ते मी आईला सहज विचारावं तसं विचारलं. ती हातातली शेंग सोलायची थांबली.

एक्क्याऐंशी साली पत्र आलं. पाकिटावर तू लिहिलं होतंस, "फक्त बाबांसाठी. दुसऱ्या कुणीही वाचू नये." आईने ते त्यांना वाचून दाखवलं. पाकीट तेवढं. बाबांनी हात पुढे केला आणि पत्र घेतलं.

आई म्हणाली, "दे इकडे, वाचते. त्याला कुठे कळणार आहे?"

बाबा म्हणाले, "मला कळेल."

"होबार्ट, वेडेपणा करू नकोस. पोराचं पत्र आहे."

"म्हणूनच. त्याने माझ्यावर भरवसा ठेवलाय, दुसरं कुणी वाचणार नाही म्हणून. तीन वर्षांनी ठेवलाय. तो मी मोडणार नाही."

आणि नाही मोडला. सोळा वर्षं ते पत्र त्यांच्या रविवारच्या टोपीच्या अस्तरात होतं. तू उत्तराची वाट बघत होतास आणि ते तुझा शब्द पाळत होते. चूक तुझी नाही, त्यांचीही नाही, पण एवढी मोठी चूक करायला दोन स्टॅम्परच लागतात!

त्यात तू काय लिहिलं होतंस ते मला माहीत नाही. विचारतही नाही.

कागद पुन्हा जोडला आहे. यात खोटं काही नाही, डॉयल. ती सही आईची होती आणि ती बाबांचीच होती, दोन्ही खरं आहे. तुला जमेल तसं लिही. पण पंधरा तारखेच्या आत लिही.

ग्लेना


सॉल्टलिक खोरं
१६ डिसेंबर, मंगळवार

डॉयल,

तुझं जलद टपाल शनिवारी पोचलं. टपालवाला वर घरापर्यंत चालत आला, बर्फात, आणि आईच्या हातात देऊन गेला. माझ्या नाही. तेव्हा माझं बिंग फुटलं.

छापील कागद तू वापरला नाहीस. स्वतःच्या हाताने लिहिलंस, खाली नोटरीचा शिक्का. आईने चष्मा लावून मोठ्याने वाचलं. "माझे वडील होबार्ट स्टॅम्पर यांची सही त्यांच्या संमतीने माझी आई करत असे. तीच त्यांची खरी सही. मला त्यांची दुसरी कोणतीही सही माहीत नाही आणि तिच्याविरुद्ध कुणाचं काही म्हणणं असेल तर मी स्वतः तिथे येऊन ऐकेन."

का करत असे, ते तू लिहिलं नाहीस. आईच्या ते लगेच ध्यानात आलं. तिने कागद घडी घातला आणि माझ्याकडे बघितलं. मी बोलणी खायला तयार होते. ती म्हणाली, "तू सांगितलंस."

"हो."

"आणि त्याने झाकलं." तिने चष्मा काढून ठेवला. मग म्हणाली, "अगदी होबार्टसारखा बोलतो. ग्लेना, माझा कोट काढून ठेव."

काल आम्ही बँकेत गेलो. नाताळ तोंडावर, म्हणून चांगली गर्दी. हर्शेल काका रांगेत होते, ब्याऐंशीचे झालेत, काठी घेऊन. व्हेलनचं टेबल तिथेच उघड्यावर, दाराआड नाही. त्याने तुझा कागद दोनदा वाचला आणि चेहऱ्यावरून खरंच हायसं वाटल्यासारखा दिसला. म्हणाला, "हे पुरेसं आहे, मिसेस स्टॅम्पर. फक्त एक गोष्ट राहिली."

त्याने वीज संस्थेकडून बाबांच्या नावाचे सगळे जुने वटलेले चेक मागवले होते. दोन्ही बाजूंच्या प्रती. टेबलावर ओळीने मांडल्या. मेल्यानंतरच्या, जिवंतपणीच्या, सगळ्या सह्या एकीसारखी एक. मग त्याने एक प्रत वेगळी काढली. नोव्हेंबर शहाण्णव.

"बाकी सगळ्या एका हातच्या आहेत, ते तुमच्या मुलाने मान्य केलंय. ही मात्र कुणीतरी तिसऱ्यानेच केलेली दिसते. ही बनावट आहे. हिची चौकशी मला वर पाठवावीच लागेल."

मी वाकून बघितलं. अक्षरं वेडीवाकडी, कुंपणाच्या कलत्या खुंटांसारखी. होबार्टमधला एक खुंट ओळीखाली घसरलेला, स्टॅम्पर मावलं नाही म्हणून शेवटची दोन अक्षरं वर चढवलेली. पेन इतकं दाबलेलं की प्रतीतही दिसत होतं. मला वाटलं, झालं, आता हे काय नवीन?

आईने ती प्रत दोन्ही हातांनी उचलली. आणि डॉयल, ती हसली. मग रडली. मग दोन्ही एकदम. मी तिला असं कधी बघितलं नाही, बाबांना पुरलं त्या दिवशीसुद्धा.

"बनावट?" ती म्हणाली. "अरे पोरा, या सगळ्या ढिगात ही एकच त्याची आहे!"

रांगेतल्या सगळ्यांच्या माना इकडे वळल्या.

"माझ्या नवऱ्याला लिहिता-वाचता येत नव्हतं," आई म्हणाली. खालच्या आवाजात नाही, चर्चमध्ये ओळ सांगतात तशा आवाजात. "पन्नास वर्षं त्याचा हात मी होते. मला त्याची लाज कधीच वाटली नाही, त्याला वाटायची म्हणून मी गप्प राहिले. एकोणसत्तराव्या वर्षी म्हणाला, ज्युएल, मला शिकव. दोन हिवाळे बसला माझ्यासमोर. त्या नोव्हेंबरात हा चेक आला तेव्हा साबणाने हात धुतले, तीनदा धुतले, आणि एकटा आला या काउंटरवर. मला गाडीत बसवून ठेवलं. इमोजीनसमोर सही केली. बाहेर येऊन म्हणाला, एवढ्या वेळात तू दहा केल्या असत्यास. तुला चौकशी करायचीय ना? कर. माझ्यासमोर कर. मला त्याच्याबद्दल बोलायला आवडेल."

व्हेलन उठून उभा राहिला होता. कधी राहिला, त्यालाही कळलं नसावं.

तेवढ्यात रांगेतून हर्शेल काकांचा आवाज आला. "काय सांगतेस, ज्युएल? होबार्टलाही?"

आई वळली. "होबार्टलाही म्हणजे?"

काका काठीवर रेलले. तोंड लालेलाल. "तीस वर्षं मी त्याच्या पुस्तकात बघून गात होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, त्याला तरी येतं."

आधी कोण हसलं माहीत नाही, पण मग सगळी बँक हसली. आई सगळ्यांत जास्त, खुर्चीला धरून. व्हेलनसुद्धा. त्याने शहाण्णवची प्रत पाकिटात घातली आणि आईला दिली. म्हणाला, "ही तुमची, मावशी." मावशी म्हणाला हं, शिकेल हळूहळू. यापुढचे चेक कसे घ्यायचे, त्याचा एक कागद त्याने समजावला. आईच्या सहीने, तिच्या स्वतःच्या नावाने, बाबांच्या नावाखाली. बाबांचं नाव वर राहणार की नाही, एवढंच तिने विचारलं. राहणार. मग तिने त्या कागदावर ज्युएल स्टॅम्पर अशी सही केली. जरा अडखळत केली, सवय नाही.

चर्चमधल्या त्या दोन बायका रांगेतच होत्या. आई त्यांच्याजवळून मुद्दाम सावकाश गेली.

घरी येऊन तिने कोटसुद्धा काढला नाही. आतल्या खोलीतून बाबांची रविवारची टोपी आणली, अस्तर उसवलं आणि तुझं पत्र टेबलावर ठेवलं.

मी म्हटलं, "आई, हे तर उघडलेलं आहे."

"त्यानेच उघडलं," ती म्हणाली. "ती सही करून आला त्या रात्री. म्हणाला, आता हे मला वाचता यायला पाहिजे. अगं, शिकायला बसला तो याच्यासाठीच. सहीचं काय, सही तर मी करतच होते."

म्हणजे एकोणसत्तर वर्षांचा तो माणूस तुझं पत्र वाचायला अक्षरं शिकला, डॉयल. वीज संस्थेच्या मासिकातलं छापील त्याला लागायला लागलं होतं, बक्षीस मिळवलेल्यांची नावं बोट ठेवून वाचायचा. पण तुझं अक्षर! लहानपणापासून कोंबडी चालल्यासारखं. मी तुला किती वेळा सांगितलं होतं. आई म्हणते, चार संध्याकाळी तो त्या कागदावर बसला. चौथ्या दिवशी टाळी वाजवली. तिने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, "दोन शब्द लागले. 'प्रिय बाबा' असं लिहिलंय त्याने. प्रिय लिहिलंय, ज्युएल." कागद घडी घालून टोपीत ठेवला. "बाकीचं पुढच्या हिवाळ्यात."

मार्चमध्ये गेले ते.

शाळेतल्या यंत्रावर त्या सहीच्या आणखी दोन प्रती काढल्या, एक सोबत पाठवते आहे. एक माझ्याकडे आहे, एक आईने चुलीवरच्या भिंतीला लावली. आल्यागेल्याला दाखवते. हर्शेल काका काल संध्याकाळीच येऊन बराच वेळ बघत बसले आणि जाताना म्हणाले, "मला कुणी शिकवेल का?" आईने त्यांना गुरुवारी बोलावलंय.

तुझं पत्र मात्र पाठवत नाही. मी वाचलं नाही, आईनेही नाही. ती म्हणते, पाकिटावर जे लिहिलंय ते अजून लागू आहे. मी म्हटलं, मग ज्याने लिहिलं त्यानेच येऊन वाचून दाखवलं तर?

तिने विचार केला. वाळवलेल्या सफरचंदांचा केक करत होती, सात थरांचा, नाताळचा. पाच थरांवरच आम्हा दोघींचं भागतं, यंदा सात का, ते मी विचारलं नाही.

"येऊ दे," ती म्हणाली. "वर टेकडीवर होबार्टजवळ उभं राहून मोठ्याने वाचावं त्याने. पण पहिल्यापासून नको. तिसऱ्या शब्दापासून वाच म्हणावं. पहिले दोन त्याने वाचलेत."

ग्लेना